स्तनाच्या कॅन्सरनंतर दातांची आणि तोंडाची काळजी: सुरुवात फाईलीपासून

आधी ती जाड फाईल काढा. बायॉप्सीचा रिपोर्ट, केमोचे कागद, डिस्चार्ज कार्ड जिच्यात आहे, ती. ऑपरेशनला वर्ष लोटलं, केस परत आले, घरातली कामं पुन्हा अंगावर पडली, की ही फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. पुढे दाढ दुखते तेव्हा बाई माझ्याकडे येते आणि फाईल घरीच असते.

मी दातांची डॉक्टर आहे. "काही औषधं चालू आहेत का काकू?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही हो मॅडम, आता सगळं संपलं. एक हार्मोनची गोळी तेवढी, आणि सहा महिन्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन." ते इंजेक्शन बहुधा कॅल्शियमचं नसतं. ते झोलेड्रॉनिक ॲसिड, म्हणजे हाडांची झीज रोखणारं औषध, असतं, आणि ते घेतलेल्या बाईची दाढ नेहमीसारखी ओढून काढायची नसते. कधी कधी तर एवढंही कळत नाही. बाहेर बाकड्यावर ओळखीचं कुणी बसलेलं असतं, सोबत सासूबाई असतात, आणि काकू "एक छोटं ऑपरेशन झालं होतं" एवढं बोलून थांबतात. त्यांचा संकोच मला समजतो. तरीही हे लपवलं, तर मी चुकीचा उपचार करू शकते.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गर्दी असते, तिथे दातांविषयी बोलणं होत नाही. दातांच्या डॉक्टरला कुठली औषधं चालू आहेत ते कळत नाही. या दोघांच्या मधला निरोप्या सध्या तरी पेशंटनंच व्हायचं आहे. ते कसं व्हायचं, आणि रोज घरी काय करायचं, ते क्रमानं सांगते.

पहिलं काम: एका कागदावर पाच ओळी

फाईल शेजारी ठेवून एका कोऱ्या कागदावर लिहा. कुठल्या बाजूचं ऑपरेशन झालं आणि काखेतल्या गाठी काढल्या का. केमो कधी सुरू झाली, कधी संपली. शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलं का. आता कुठली गोळी चालू आहे: टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन की आणखी काही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची: हाडांसाठी कुठलं औषध मिळालं, कितीदा, आणि शेवटचं कधी.

या शेवटच्या ओळीसाठी डिस्चार्ज कार्डावर किंवा डे-केअरच्या कागदांवर ही नावं शोधा: झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा झोलेड्रोनेट (शिरेतून, साधारण १५ मिनिटांत दिलं जातं), पॅमिड्रोनेट, इबँड्रोनेट, डेनोसुमॅब (कातडीखाली टोचतात). ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळीही यात धरा. नाव सापडलं नाही तर मेडिकलचं बिल बघा, नाहीतर पुढच्या तपासणीला तिथल्या सिस्टरना विचारा, "मला हाडांसाठी जे देता त्याचं नाव या कागदावर लिहून द्या." त्या देतात.

मोबाईलमध्ये या कागदाचा फोटो काढून ठेवा. मुलीच्या किंवा मुलाच्या मोबाईलमध्येही असू द्या. खुर्चीत बसल्यावर तोंडानं सांगायचा संकोच वाटत असेल, तर नुसता फोटो दाखवा. काही बोलावं लागत नाही.

केमो अजून सुरू झाली नसेल तर

हा लेख उपचारानंतरच्या दिवसांसाठी आहे, पण वाचणारीच्या ओळखीत कुणाचं निदान नुकतं झालेलं असू शकतं, म्हणून थोडक्यात. केमोच्या आधी दात एकदा तपासून घ्यावेत. दाढ काढायचीच असेल तर पहिल्या केमोच्या किमान १० दिवस आधी, जमल्यास १४ दिवस आधी काढावी, म्हणजे जखम भरते. टोकदार दात घासून घ्यावेत, कीड भरून घ्यावी, दात साफ करून घ्यावेत. मात्र दातांसाठी केमो पुढे ढकलायची नाही. वेळ नसेल तर जे दुखतंय, जिथे पू आहे, तेवढंच उरकायचं.

केमो चालू असताना

केमोच्या २१ दिवसांच्या चक्रात तोंड येतं ते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला. गालाच्या आतून, जिभेच्या कडांना, ओठांच्या आत लाल होतं, सोलवटतं, वरण-भातही झोंबतो. पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात त्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत. पुढच्या केमोपर्यंत बहुतेक भरून येतं.

या दिवसांत तोंड स्वच्छ ठेवणं हेच मुख्य औषध. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि १ चहाचा चमचा खायचा सोडा घाला. दिवसभरात दर तीन-चार तासांनी, जेवल्यावर आणि झोपताना यानं खळखळून चूळ भरा आणि थुंका. पाणी रोज नवं करायचं. बाजारातले झणझणीत माउथवॉश नकोत, त्यातल्या अल्कोहोलनं सोललेलं तोंड पेटतं. लवंगेचं तेल लावू नका, तुरटीच्या गुळण्याही नकोत. दुखणं फार असेल तर बेंझिडामिनचा माउथवॉश किंवा सुन्न करणारं जेल डॉक्टर लिहून देतात, तेच वापरा.

ब्रश सोडू नका. सर्वांत मऊ दातांचा ब्रश घ्या, वापरायच्या आधी अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरा. पेस्ट झोंबत असेल तर पुदिन्याचा उग्र स्वाद नसलेली, लहान मुलांसाठीची पेस्ट बघा, फक्त तिच्यात फ्लोराइड आहे ना ते वाचा. उलटी झाली की लगेच ब्रश करायचा नाही. पोटातल्या आम्लानं दाताचं वरचं आवरण त्या क्षणी मऊ झालेलं असतं, घासलं की ते झिजतं. आधी सोड्याच्या पाण्यानं चूळ भरा, अर्ध्या-पाऊण तासानं ब्रश करा.

तोंडाला धातूची चव येते अशी तक्रार फार ऐकू येते. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून बघा. खाणं मऊ आणि कोमट: मुगाची खिचडी तुपासोबत, गुरगुट्या भात, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, गार केलेली नाचणीची आंबील. ठेचा, लसणाची चटणी, लोणचं, चकली, कडक टोस्ट हे सगळं तोंड बरं होईपर्यंत लांब ठेवा. केमोच्या औषधांत फाइव्ह-एफ-यू असेल तर ते देण्याच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळण्याचा उपाय चांगला आहे. बर्फानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. सगळ्या औषधांना हा लागू नाही, सिस्टरना विचारून घ्या.

गालावर, जिभेवर दह्याच्या सायीसारखे पांढरे थर दिसले, पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं, तर ती बुरशी असते. ओठांचे कोपरे चिरतात तेही पुष्कळदा तिचंच काम. क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध साधारण यावर देतात. आपल्या मनानं गोळी घेऊ नका, बुरशीच्या काही गोळ्या कॅन्सरच्या औषधांच्या आड येतात.

केमोच्या मध्येच दाढ दुखली तर? सोसत बसू नका आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून गिळूही नका. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, आणि ताप दबला की इन्फेक्शन कळतच नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. दातांचं काम करायचं तर साधारण पुढच्या केमोच्या दोन-तीन दिवस आधी, आदल्या दिवशी रक्त तपासून. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १००० च्या वर आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असल्याशिवाय मी हत्यार उचलत नाही. दाढ काढायची असेल तर प्लेटलेट त्याहून बऱ्यापैकी वर हव्यात. केमो दर आठवड्याला असेल, तर अशी मोकळी जागा मिळत नाही, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी बोलूनच दिवस ठरवायचा.

शेक छातीला दिला, तर दातांचं काय?

काही जणी घाबरून विचारतात, रेडिएशननं दात पडतील का? जबड्याच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी दिलेल्या शेकानं लाळेच्या ग्रंथी आणि जबड्याचं हाड यांचं नुकसान होतं, ते पाहून ही भीती पसरली आहे. स्तनाच्या शेकात किरणं जबड्याकडे नसतात. गळपट्टीच्या हाडावरच्या भागाला शेक दिला असेल तर काही दिवस गिळताना दुखू शकतं, ते अन्ननलिकेमुळे. दातांचं दुखणं त्यातून येत नाही.

हार्मोनच्या गोळीची वर्षं

आपल्याकडे 'उपचार संपले' हा शब्द केमो किंवा शेक संपला की वापरतात. पण ज्यांच्या गाठीला हार्मोनचे रिसेप्टर असतात, म्हणजे जी गाठ हार्मोनवर वाढते, त्यांची गोळी ५ वर्षं चालते, काहींची १० वर्षं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं मुख्य हार्मोन, जवळजवळ तळाला नेतात. इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ होतात, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. तोंडाची आतली त्वचा, लाळेच्या ग्रंथी आणि हिरड्या यांनाही त्याचा आधार असतो, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून मी प्रत्येकीला सांगते: गोळी चालू आहे तोवर उपचार चालू आहेत, आणि विचारल्यावर तसंच उत्तर द्यायचं.

आपल्या देशात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकरच्या वयात दिसतो. चाळिशीतल्या बाईला अंडाशयांचं काम थांबवणारी इंजेक्शनं दिली की रजोनिवृत्ती दोन-चार महिन्यांत अंगावर येऊन आदळते. तिच्या तोंडातले बदलही तसेच अचानक असतात. जीभ जळजळते, पाणी पिऊन भागत नाही, आणि आरशात पाहिलं तर तोंड अगदी निरोगी दिसतं. "मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हे खरं दुखणं आहे आणि त्याला औषध असतं.

लाळ कमी झाली हे कसं ओळखायचं? ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. रात्री तोंड कोरडं पडून जाग येते. मी तपासताना माझा आरसा गालाला चिकटतो. लाळ दातांना आम्लापासून वाचवते, ती आटली की कीड हिरडीलगत, दाताच्या मानेशी, भराभर लागते. वर्षभरात चार-पाच दात एकदम किडलेली बाई दिसली की मी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारते. झोपेच्या, नैराश्याच्या, हाता-पायांच्या मुंग्यांसाठीच्या गोळ्या (अमिट्रिप्टिलिन त्यातली एक) कोरडेपणात भर घालतात.

रोज काय करायचं, ते आता नीट सांगते, कारण सगळा फरक इथे पडतो.

पेस्टच्या डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण वाचा. आपल्याकडे साधारण १००० पीपीएमपर्यंतची पेस्ट मिळते, ती घ्या. वनौषधींच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, आणि कोरड्या तोंडाला नेमकं तेच हवं असतं. सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं ब्रश करा. रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते. ब्रश झाला की फेस थुंका आणि पाण्यानं खळखळून चूळ भरू नका. हे आपल्या सवयीला विचित्र वाटतं, पण चूळ भरली की फ्लोराइडही वाहून जातं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, बीडकडच्या फ्लोराइडच्या पाण्याच्या गावांतल्या बायका विचारतात, आमच्या पाण्यातच आहे, मग पेस्ट कशाला? पाण्यातलं पोटात जातं, पेस्ट थुंकायची असते. गिळली नाही तर दाताला तिचा फायदाच होतो.

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवरचा लेप, लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथल्या डेंटिस्टना ५००० पीपीएमच्या पेस्टबद्दल विचारावं, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ती चिठ्ठीवर मिळते.

कोरड्या तोंडासाठी पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट-घोट पीत राहा. साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगगम चघळलं की उरलेल्या ग्रंथी लाळ सोडतात. कृत्रिम लाळेचे स्प्रे आणि जेल मेडिकलमध्ये मिळतात, रात्री झोपताना जेल लावलं तर झोप मोडत नाही. आणि इथे एक कळकळीची विनंती. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर, आवळा सुपारी, चिंचेची गोळी, लिंबाची गोळी दिवसभर गालात धरू नका. मला आठवतात त्या जास्तीत जास्त किडलेल्या दातांमागे हीच प्रेमाची सवय होती. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आणि त्यात खारी, हेही तसंच. चहा सोडा असं मी म्हणत नाही. जेवणाच्या वेळेला जोडून घ्या, नंतर साध्या पाण्याची चूळ भरा. निर्जळी उपवास या वर्षांत करू नका. पाणी पिऊन केलेला उपवास पुरे.

आता मिश्री. आपल्याकडे गावोगावी बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात, आणि सासूकडून सुनेकडे ती सवय येते. कॅन्सरचे उपचार झाल्यावरही दारामागे बसून लावणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. "दात शिवशिवतात, ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," असं त्या सांगतात. मिश्री म्हणजे तंबाखू. ती हिरडीचं हाड खाते, जखम भरू देत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते. एका कॅन्सरमधून जिवानिशी सुटलेल्या बाईच्या तोंडात ती बघवत नाही मला. रागावून ती सुटत नाही, हेही खरं. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत करणारे लोक बोलतात. घरातल्या दुसऱ्या कुणी मिश्री लावत असेल, तर दोघींनी एकाच दिवशी सोडा. राखुंडी, गेरूची लाल मंजनं, बोटानं मीठ चोळणं यांनीही दाताच्या मानेशी खाचा पडतात. बंद करा.

हातांचा प्रश्न कुणी विचारतच नाही. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधांनी बोटं बधिर होतात. लेट्रोझोल घेणाऱ्यांची बोटं सकाळी आखडलेली असतात. ब्रश हातातून सटकतो, मग बाई दोन फेऱ्यांत उरकते. ब्रशच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळून रबर लावा, मूठ धरता येते. परवडत असेल तर बॅटरीचा ब्रश घ्या. सकाळी बोटं मोकळी होईपर्यंत, आंघोळीनंतर ब्रश केला तरी चालतं. दातांच्या फटी साफ करायचा धागा बोटांत धरता येत नसेल तर दातांच्या फटीतला छोटा ब्रश मिळतो, तो सोपा आहे. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा वर जात नसेल तर दुसऱ्या हातानं शिका, आठवड्यात सवय होते.

कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवा. केमोत वजन उतरलं की कवळी सैल होते, हिरडीवर घासते. ती नीट करून घ्या, कापूस लावून चालवू नका. कारण पुढच्या भागात येतंय.

हाडांचं इंजेक्शन: घाई करायची नाही ती इथे

२००३ साली अमेरिकेतल्या मायामीचे तोंडाचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी लिहिलं, की हाडांची अशी औषधं घेणाऱ्या पेशंटच्या जबड्याचं हाड दाढ काढल्यावर उघडं पडतंय आणि भरतच नाही. तोवर हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

झोलेड्रॉनिक ॲसिड हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतं. त्यामुळे फ्रॅक्चर टळतात, रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांत कॅन्सर हाडात परतण्याचा धोकाही कमी होतो. औषध चांगलं आहे, घाबरून बंद करू नका. पण दाढ काढल्यावर खड्डा भरायचा, तर जुनं हाड झिजून नवं यायला हवं. जबड्याच्या हाडाला ही उलाढाल सर्वांत जास्त लागते, चावण्याचा भार रोज असतो आणि तोंडातले जंतू फक्त पातळ हिरडीपलीकडे असतात. उलाढाल थांबली की जखम उघडीच राहते, हाड मरतं. खालच्या जबड्यात हे वरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

धोका किती? हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी औषध घेणाऱ्यांत तो सगळ्यात मोठा, तरी साधारण शंभरातल्या पाचजणींहून कमी. सहा महिन्यांनी घेणाऱ्यांत त्याहून कमी. ठिसूळ हाडांच्या लहान डोसमध्ये तर अगदीच थोडा. मात्र जिच्या बाबतीत होतं तिचे महिनेच्या महिने जातात.

अजून इंजेक्शन सुरू व्हायचं असेल, तर डॉक्टरांना एक वाक्य विचारा: "सुरू करण्याआधी दात दाखवून येऊ का?" काढायचे दात आधीच काढून, जखमेवर कातडी येईपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. दोन-तीन आठवड्यांची ही कळ पुढची दहा वर्षं सोपी करते.

इंजेक्शन सुरू झालेलं असेल, तर ही कामं बिनधास्त करून घ्या: दात साफ करणं, कीड भरणं, रूट कॅनाल, टोपी बसवणं. उलट ती टाळली तरच पुढे दाढ काढायची पाळी येते. रूट कॅनालला 'खर्चिक' म्हणून नाही म्हणायची सवय इथे महागात पडते. दात अगदीच गेला असेल, तरी काही वेळा वरचा भाग कापून मुळं रूट कॅनाल करून आत ठेवता येतात. इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) शक्यतो नको. कवळी घासून झालेली जखमसुद्धा हाड उघडं पाडू शकते, म्हणून मी वर सैल कवळीचं सांगितलं.

काढण्याशिवाय इलाजच नसेल, तर जबड्याच्या सर्जनकडून काढून घ्या. आधी आणि नंतर प्रतिजैविकं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा, हाडाच्या टोकदार कडा घासून टाके, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पुन्हा पुन्हा बघणं, असं ते काम असतं. "दोन महिने इंजेक्शन बंद ठेवा, मग काढू" असं कुणी म्हटलं, तर ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, दोन महिन्यांनी ते निघून जात नाही. डेनोसुमॅबचा असर सहाएक महिन्यांत ओसरतो, पण ते अचानक थांबवलं की मणके मोडू शकतात.

इंजेक्शनं बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी कागदावरची ती ओळ खोडायची नाही.

गोळ्या वेगळ्या असतील तर

आजार पुढच्या टप्प्यात असेल तर पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून दातांच्या कामाआधी रक्त तपासणी हवीच. एव्हरोलिमसनं तोंडात गोल, खोल, फार दुखणारे फोड येतात. त्यासाठी डेक्सामेथासोनच्या औषधी पाण्याच्या चुळा पहिल्या दिवसापासून भरल्या तर फोड पुष्कळ कमी येतात. गोळी लिहून देतानाच डॉक्टरांकडे या चुळांची चिठ्ठी मागा.

माझ्या खुर्चीत बसल्यावर

कागद द्या. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर रक्तदाब त्या हाताला मोजू देऊ नका, शिरेत सुई लावायची वेळ आली तरी दुसरा हात पुढे करा. हिरडीतलं सुन्न करायचं इंजेक्शन मात्र चालतं. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधं मिळाली असतील तर शेवटच्या इको तपासणीचा कागद दाखवा, हृदयाची ताकद पाहून आम्ही सुन्न करायच्या औषधातलं ॲड्रेनॅलिन बेतानं वापरतो. केमोपोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) छातीत असेल तर तेही सांगा. केवळ पोर्ट आहे म्हणून प्रत्येक वेळी प्रतिजैविक घ्यावं लागत नाही. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल दातांच्या कामासाठी आपल्या मनानं थांबवू नका.

इतर लोकांनी सहा महिन्यांनी यायचं. तुम्ही पहिली दोन वर्षं तीन-चार महिन्यांनी या. तक्रार नसली तरी या.

महिन्यातून एकदा टॉर्च लावून

मुलीला किंवा नवऱ्याला मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा. गालाच्या आत, जिभेखाली, टाळू, हिरड्यांच्या दोन्ही बाजू बघा. पांढुरकं-पिवळं कठीण काही उघडं दिसतंय का, बोट लावल्यावर हाडासारखं खरखरतंय का? काढलेल्या दाताची जागा दोन-तीन आठवड्यांत बुजली नाही का? पू, न जाणारी दुर्गंधी, कारण नसताना हलणारा दात, जबडा जड वाटणं? यातलं काहीही असेल तर त्या आठवड्यातच दाखवा. हाड आठ आठवडे उघडं राहिलं की त्याला जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात, पण आठ आठवडे वाट बघत बसायचं नाही.

खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूनं बधिर झाली, जणू दातांच्या डॉक्टरनं सुन्न करायचं इंजेक्शन दिलंय तशी, तर दात दुखत नसला तरी त्या दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. हे जबड्याच्या हाडाच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं, आणि क्वचित कॅन्सर जबड्यात परत आल्याचंही. बायकांत जबड्यात पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यात वरचा आहे. घरातले "गॅस असेल" म्हणतील, तरी फोन करा.

केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तोंडातून रक्त थांबत नाही, पाणीही गिळता येत नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

कुठे जायचं, किती पैसे

खासगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि टोपीचा खर्च पाहून बऱ्याच जणी मागे फिरतात, आणि कॅन्सरच्या उपचारांत घर आधीच रिकामं झालेलं असतं. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारीच आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू असतील तर त्यांच्या तपासणीच्या दिवशी दातांविषयी विचारा, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही.

दंत महाविद्यालयात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. आधी तपासणी विभागात पाठवतात, तिथे पाच ओळींचा कागद सुरुवातीलाच पुढे करा आणि तो केसपेपरला टाचून द्यायला सांगा. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीला वेगळा शिकाऊ डॉक्टर असू शकतो, आणि टाचलेला कागद त्याला आपोआप दिसतो. सोबत पाण्याची बाटली आणि दुपारी खायला मऊ डबा घ्या, नंबर यायला उशीर होतो.